पंच्याची घडी

परवा फोनवर तू आधी तिकडच्या पावसाचं बोललीस, मग तुझ्या आईच्या गुडघ्यांचं, आणि मग एकदम म्हणालीस, "आजी, जूनमध्ये लंडनला एक सायकल फेरी निघते. अंगावर कपडे न घालता शहरातून जायचं. मी नाव दिलंय. तुला काय वाटतं?" मी लगेच बोलले नाही, तेव्हा तुला वाटलं असेल की आजी रागावली. रागावले नव्हते, बेटा. छत्तीस वर्षं वर्धा ते सेवाग्राम सायकलने शाळेत गेलेल्या बाईला असं काही सांगितलं की आधी सीटचा विचार येतो, मग ब्रेकचा, मग चेनचा. तेच मनात जुळवत होते. आता सावकाश लिहिते. हे सगळं आत्ता एकदा वाच आणि फेरीच्या आदल्या दिवशी पुन्हा वाचून काढ.

आधी माझी एक गोष्ट ऐक. तुझ्या आईलाही मी ती कधी सांगितलेली नाही. १९७४ साली नोकरीला लागले तेव्हा पाचवारी नेसून सायकल चालवायची. त्या सायकलला चेनकव्हर अर्धंच होतं. नोव्हेंबरातली सकाळ, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. मी घाईत होते, निऱ्या वर खोचायच्या राहिल्या. चढावर जोर लावला आणि निऱ्यांचा काठ चेनमध्ये गेला. पुढच्या दातेरी चाकाने तो असा ओढून घेतला की मी सायकलसकट आडवी झाले. साडी कमरेपासून सुटली, अर्धी फाटली, आणि उरलेली चेनमध्ये घट्ट अडकलेली. मी रस्त्यावर परकर पोलक्यात बसलेली, परकरही मांडीपर्यंत टरकलेला. मागून एक ट्रक येत होता, पुढून दोन सायकलवाले.

शेतात वेचणीला बाया होत्या. त्यांच्यापैकी कोणीही ओरडलं नाही, हसलं नाही. सात आठ जणी धावत आल्या आणि माझ्याभोवती पाठ करून कडं धरून उभ्या राहिल्या. तोंडं बाहेर, पाठी माझ्याकडे. आत मला कोणी बघत नव्हतं. एकीने कमरेची कापसाची ओटी सोडली, कापूस दुसरीच्या ओटीत ओतला आणि ते कापड मला गुंडाळायला दिलं. एक म्हातारी खाली बसून मागचं चाक उलटं फिरवत साडीचा काठ इंच इंच बाहेर काढत होती. दहा मिनिटं लागली असतील. शाळेत मी त्या दिवशी ओटी गुंडाळून आणि वर फाटक्या साडीचा पदर घेऊन शिकवलं.

तेव्हापासून मला एक कळलेलं आहे, आणि तुला सांगायचं ते सगळं त्यातूनच येतं: अंगावर कापड नसतं तेव्हा आजूबाजूची माणसंच कापड असतात. तुझ्या फेरीत हजार लोक असतील, पण तुझं कडं तुला आधी ठरवून घ्यावं लागेल. निदान तीन ओळखीच्या बायका बरोबर घे. एकीने पुढे, एकीने मागे, एकीने बाजूला असं राहायचं. कोणाची सायकल पंक्चर झाली, कोणाला चक्कर आली, कोणाला मधेच नको वाटायला लागलं, तर चौघीही बाजूला उतरायचं. हे घरीच बोलून ठेवा. रस्त्यावर ठरवू म्हटलं की प्रत्येकीला वाटतं दुसरी थांबेल.

आता सायकल. दांडीची सायकल घेऊ नकोस. लेडीज सायकल घे, जिच्यावर पाय पुढून टाकून बसता येतं. सिग्नलला दहा वेळा चढायचं उतरायचं असतं. कपडे नसताना मागून पाय फिरवून दांडी ओलांडायला कोणालाच बरं वाटत नाही, आणि घाईत फिरवलेला पाय मागच्याच्या हँडलला लागतो. सीट रोजच्यापेक्षा बोटभर खाली घे. रोज चालवताना पाय पूर्ण लांब व्हावा म्हणून सीट उंच ठेवतात, ते लांबच्या रस्त्याला बरोबर आहे. फेरीत मात्र माणसाच्या चालीने जायचं असतं, थांबायचं असतं, म्हणून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकायला हवेत. सीटचं टोक अगदी किंचित खाली झुकव. वर असलेलं टोक कपड्यातून सहन होतं, कपड्याविना होत नाही.

सीटवर पंचा घाल. प्लास्टिकच्या किंवा चामड्याच्या सीटवर उघडं बसायचं नाही. घामाने घसरायला होतं, कातडी चिकटते आणि उठताना सोलते. सुती पंचा चार पदरी घडी कर, अशी की काठ आणि शिवण कुठेही खाली येणार नाही, कारण ज्या ठिकाणी शिवण येते त्याच ठिकाणी तासाभरात लाल होतं. पुढची दोन टोकं सीटच्या खाली घेऊन गाठ मार, मागची दोन स्प्रिंगला बांध. लोंबणारं टोक एकही ठेवू नकोस. मी का सांगते ते आता तुला माहीत आहे.

मांडीच्या आतल्या बाजूला, जिथे सीट घासते तिथे, निघायच्या अर्धा तास आधी व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लाव. लावून झालं की हात साबणाने धुऊन अगदी कोरडे कर. तेलकट हाताने ब्रेक धरणं म्हणजे ब्रेक नसणं. हातात बोटं उघडी असलेले ग्लोव्हज घाल. पडताना माणूस आधी तळहात टेकतो, हे तू लहानपणी आपल्या अंगणात दोनदा करून बघितलेलं आहेस. पायात बंद बूट हवेत, चप्पल नाही. हेल्मेट घालच. कपडे न घालण्याच्या फेरीत बूट आणि हेल्मेट घातले तर कोणी बोलत नाही. 'जमेल तेवढंच उघडं व्हा' अशीच त्या फेरीची रीत आहे, असं तूच सांगितलंस. मग छातीला आधार हवासा वाटला तर तोही बांध. खडबडीत रस्त्यावर नुसत्या हादऱ्यांनी दुखतं, आणि दुखणं सोसण्यात कोणतीही क्रांती नाही. पाळीचे दिवस आले तर चड्डी घालून जा, मन लहान करू नकोस.

ऊन. इथे नवतप्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि त्या उन्हात वाढलेल्या पोरीला वाटतं लंडनचं ऊन म्हणजे काय. तुझ्या आजोबांची गोष्ट सांगते. ऐंशीच्या दशकात कापसाच्या भावासाठी आपल्याकडे आंदोलनं व्हायची. अशाच एका अर्धनग्न मोर्चाला ते एप्रिलमध्ये सायकल घेऊन गेले होते. कमरेला धोतर, वर काही नाही, सदरा घडी करून कॅरिअरला अडकवलेला. ज्याने कापूस पिकवला त्याच्या अंगावर कापड नाही, हे सरकारला दाखवायचं होतं. आयुष्यभर शेतात राबलेला माणूस, हात आणि मान तांब्यासारखी. पण पाठीने कधी असं ऊन पाहिलेलंच नव्हतं. संध्याकाळी घरी आले ते पाठीवर फोड घेऊन. तीन रात्री पालथे झोपले. मी गार पाण्याच्या घड्या ठेवायची आणि परसातली कोरफड चिरून लावायची. तेव्हा कळलं की अंगाचा जो भाग रोज झाकलेला असतो तो कोवळाच राहतो, वय कितीही असो. तुझे कुल्हे, छाती, पोट, मांड्यांचा वरचा भाग यांनी ऊन पाहिलेलं नाही. जूनमध्ये तिकडचा दिवस फार लांब असतो आणि ढगातूनही कातडी भाजते. सनस्क्रीन निघायच्या आधी घरीच लाव, पाठीला मैत्रिणीकडून लावून घे आणि दोन तासांनी परत लाव. खोबरेल तेलाने ऊन अडत नाही. ते घासण्यापुरतंच. डोक्याला हेल्मेटखाली सुती रुमाल, आणि बाटलीत मीठ साखर लिंबू घातलेलं पाणी. दारू थेंबभर नाही, आधीही नाही आणि मधेही नाही.

अंगावर रंग लावणार असशील तर तो चेहऱ्यावर लावायचा रंग घे, भिंतीचा किंवा पोस्टरचा नको. दोन दिवस आधी कोपराच्या आत थोडा लावून बघ, खाज आली तर सोडून दे. आधी सनस्क्रीन, ते मुरल्यावर रंग. हाताच्या तळव्यांना आणि सीट लागते तिथे रंग नको. पाठीवर काही लिहिणार असशील तर अक्षरं मोठी, चार शब्दांच्या वर नाही. शाळेत फलक लिहिताना मी हेच सांगायची: रस्त्यावरचा माणूस एका श्वासात वाचतो.

पण काय लिहायचं? बेटा, मला सगळ्यात जास्त हेच सांगायचं होतं. कपडे काढणं सोपं आहे. ते काढून काय सांगायचं ते आधी तुझ्या मनात पक्कं हवं.

मी शाळेच्या मुलींना सेवाग्रामच्या आश्रमातली बापू कुटी दाखवायला न्यायची तेव्हा एक तरी विचारायचीच, गांधीजी असे उघडे का राहायचे? मी त्यांना मदुराईचं सांगायची. १९२१चा सप्टेंबर. विदेशी कापड सोडा म्हणत ते गावोगाव फिरत होते, आणि लोक म्हणत होते की खादी घ्यायला आमच्याकडे पैसे नाहीत. मग त्यांनी ठरवलं की आपणही पंच्यावरच राहायचं. तोपर्यंत ते सदरा, टोपी, धोतर घालत होते. ते कपडे एका कारणासाठी गेले, आणि ते कारण समोरच्या गरिबाला न सांगता समजलं. पुढे दहा वर्षांनी, १९३१ साली, गोलमेज परिषदेला ते तुझ्याच लंडनला आले आणि पूर्व लंडनमध्ये बो भागातल्या किंग्जली हॉलमध्ये कामगारांच्या वस्तीत राहिले. थंडीच्या दिवसांत सकाळी त्या गल्ल्यांतून उघड्या पोटऱ्यांनी फिरायला जायचे. बकिंगहॅम राजवाड्यात राजाला भेटायला गेले तेही पंचा आणि शाल अशाच वेशात. लँकेशायरच्या गिरणी कामगारांना त्यांच्या बहिष्काराची झळ बसली होती, तरी तिथल्या बायकांनी त्यांचं हसून स्वागत केलं. तू राहतेस तिथून किंग्जली हॉल दूर नाही म्हणालीस. फेरीच्या आधी एकदा जाऊन ये.

आपल्या देशाला उघडं शरीर नवं नाही. दिगंबर मुनी भर शहरातून चालत जातात आणि लोक हात जोडतात. त्र्यंबकेश्वरला कुंभात नागा साधूंची मिरवणूक निघते. पण ते संन्यासाचं आहे. त्यांनी घर सोडलेलं असतं. घरातल्या माणसाच्या, विशेषतः घरातल्या बाईच्या, उघड्या शरीराबद्दल मराठीत मोकळेपणाने लिहिलं ते रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. १९२७ ते १९५३ पर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवलं, नग्नतेत अश्लील काही नाही असं निर्भयपणे मांडलं, खटले अंगावर घेतले. १९३४ सालच्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. एवढं मी तुला यासाठी सांगते की उद्या कोणी म्हणालं, हे सगळं परदेशी खूळ आहे, तर तुला उत्तर माहीत असावं.

आणि तुमच्या फेरीचंही कारण साधं आहे. २००४ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या कॉनराड श्मिट यांच्या कल्पनेतून ती जगभर पसरली. स्पेनमध्ये त्याआधीही अशा फेऱ्या निघाल्या होत्या. उत्तरेकडे जूनमध्ये, दक्षिण गोलार्धात मार्चमध्ये, म्हणजे जिथे जेव्हा ऊन असतं तेव्हा. म्हणायचं एवढंच की पेट्रोल जाळून शहरं भरू नका, आणि मोटारींच्या गर्दीत सायकलवाला असाच उघडा असतो, त्याला लोखंडाचं आवरण नाही, हे बघा. हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. आमच्या शाळेचे शिपाई नागपूर रस्त्याने घरी जात होते, संध्याकाळची वेळ, अंगात पांढरा सदरा. ट्रकने मागून धडक दिली. ड्रायव्हर म्हणाला, दिसलेच नाहीत. पाय वाचला, पण ते पुन्हा सायकलवर बसले नाहीत, शाळेत काठी घेऊन यायचे. तू पाठीवर लिहिणार असशील तर 'आता तरी दिसते का?' असं लिही. मराठीत लिहिलंस तर कोणी ना कोणी अर्थ विचारेल, मग त्यांना त्या शिपायांचं सांग.

सायकलवरून काही सांगायला निघणंही आपल्याला नवं नाही. बाबा आमटे आपल्या हिंगणघाटचे, १९१४चा जन्म. १९८५च्या डिसेंबरात त्यांनी कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' सायकल यात्रा काढली, शंभर मुलं आणि सोळा मुली, पाच हजार किलोमीटरच्या वर. पाठीच्या आजाराने बाबांना बसताही येत नव्हतं, ते मागे गाडीत आडवे पडून बरोबर गेले. माझी पहिलीतली पोर घरी होती, नाहीतर मीही नाव दिलं असतं. ते माझ्या मनात राहूनच गेलं. तू नाव दिलंस म्हणालीस तेव्हा मला आधी ते आठवलं, खरं सांगते.

आता गर्दीत सायकल कशी चालवायची. शाळेच्या मुलींची २ ऑक्टोबरची फेरी मी वीस वर्षं नेली, तेव्हाचा अनुभव आहे. पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी आपलं पुढचं चाक कधी आणायचं नाही. तो जरा वळला की तू पडलीस, आणि तुझ्यावर चौघे. एक सायकलभर अंतर ठेव, किंवा अगदी खांद्याला खांदा लावून चाल. मधलं काही नको. फार हळू जायचं असलं की सायकल डोलते. तेव्हा मागचा ब्रेक हलका दाबून ठेव आणि पायडल मारत राहा, सायकल सरळ उभी राहते. पुढचा ब्रेक हळू चालीत एकदम दाबू नकोस. खड्डा, काच, थांबणं, हे हात करून आणि मोठ्याने सांगून मागे पोचव. आणि नजर. लोक बघतील, ओरडतील, टाळ्या वाजवतील, मोबाइल वर करतील. तू त्यांच्याकडे बघितलंस की चाकही तिकडेच वळतं. जिकडे नजर तिकडे चाक, हे सायकलचं जुनं आहे. पुढच्या बाईच्या खांद्यांकडे बघ. कोणाकडे बघून हसायचं असेल तर थांबल्यावर हस.

पहिली पाच मिनिटं अंग चोरल्यासारखं होईल. खांदे वर येतील, कोपरं आत जातील, हँडल घट्ट धरशील. त्याने सायकल आणखी डगमगते. मुद्दाम खांदे सोड, श्वास पोटातून घे, हँडलवर फक्त बोटं ठेव. मग एका वळणावर तुझ्या लक्षात येईल की अंगाला वारा लागतोय आणि तू केव्हापासून स्वतःकडे बघतच नाहीस. मला त्या दिवशी बायांच्या कड्यात असंच झालं होतं. आधी मेल्याहून मेल्यासारखं, आणि मग कापूस, ऊन, त्या म्हातारीच्या बांगड्यांचा आवाज, एवढंच.

कोणी मुद्दाम जवळ आलं, हात लावला, मागे लागून एकट्या तुझाच फोटो काढत राहिलं, तर संकोच करू नकोस. मोठ्याने बोल, हात वर कर, मैत्रिणींना हाक मार, स्वयंसेवकाला दाखव. फेरीत कपडे नाहीत म्हणून कोणाला कोणाच्या शरीरावर हक्क मिळत नाही. तूही कोणाचा फोटो न विचारता काढू नकोस.

तिकडच्या कायद्यात नुसतं विवस्त्र असणं हा गुन्हा नाही. २००३च्या कायद्याने गुन्हा तेव्हा होतो जेव्हा दुसऱ्याला घाबरवण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू असतो. म्हणून मिरवणुकीच्या ओळीत राहा, एकटीने वेगळ्या गल्लीत वळू नकोस. आपल्याकडे मात्र भारतीय न्याय संहितेचं कलम २९६ आहे, आधी भारतीय दंड विधानात २९४ होतं. २०२० साली गोव्याच्या किनाऱ्यावर विवस्त्र धावतानाचा फोटो टाकला म्हणून मिलिंद सोमण यांच्यावर गुन्हा नोंदला गेला. तेव्हा सुट्टीत वर्ध्याला आलीस की सलवार कमीज घालून, ओढणी कमरेला बांधून माझ्याबरोबर पवनारपर्यंत चल. धाम नदीच्या पुलावर सकाळी सहाला फार छान वारा असतो. सांगायचं ते आपण तेव्हाही सांगू शकतो.

फोटो निघणारच असं धरूनच जा. तुझ्या ऑफिसातला कोणी बघेल, आपल्याकडच्या कोणाच्या तरी मोबाइलवर पोचेल. चेहरा ओळखू येऊ द्यायचा नसेल तर चेहऱ्यावर दाट रंग, मोठा गॉगल. गळ्यातली आजीची साखळी घालू नकोस, ती ओळखतात. ओळख पटली तर पटू दे असं वाटत असेल तर तेही तुझं. पण तुझ्या आईला फेरीच्या आधी तू स्वतः सांग. माझ्या लेकीला मी ओळखते. तिला राग गोष्टीचा येत नाही, दुसऱ्याकडून कळल्याचा येतो. सांगताना सीटच्या पंच्यापासून सुरुवात कर. ती काळजी करायला लागेल, आणि काळजी करायला लागली की ती तुझ्या बाजूची झाली.

कपडे केव्हा काढायचे? सगळ्यांत आधी नाही आणि घरून निघतानाही नाही. जमायच्या जागी बरेच जण तयार झाले की. पिशवी पाठीवर नको, घामाने पट्टे घासतात. पुढच्या बास्केटमध्ये किंवा कॅरिअरला घट्ट बांध. पिशवी भरताना जे आधी घालायचं ते सगळ्यांत वर: एक लांब ढगळ गाऊन, एका हाताने डोक्यातून घालता येईल असा. त्याखाली बाकीचे. किल्ली, पैसे, फोन कमरेच्या छोट्या पाकिटात, पिशवीत नाही. पिशवी दुसऱ्याच्या गाडीत देऊ नकोस, कितीही विश्वासाचा माणूस असला तरी गाडी वेळेवर पोचेलच असं नाही. संपल्यावर तिथेच, सगळे असतानाच कपडे घाल. पांगल्यावर उघड्याने घरी निघायचं नाही. तासाभरापूर्वी जो रस्ता तुमचा होता तो गर्दी ओसरली की परत मोटारींचा होतो.

आणि मधेच वाटलं की नको, तर गाऊन घाल आणि कपड्यांत फेरी पूर्ण कर. किंवा उतरून चहा प्यायला जा. त्यात हरण्यासारखं काही नाही.

इथल्या मगन संग्रहालयातून खादीचे दोन पंचे घेतले आहेत, उद्या पोस्टात टाकते. एक सीटला, एक खांद्यावर, संध्याकाळी गार वाटलं तर. नव्या खादीला खळ असते, ती मांड्या सोलते. आल्या आल्या तीन वेळा कोमट पाण्यातून काढ, पिळू नकोस, झटकून वाळव, इस्त्री करू नकोस. तिसऱ्या धुण्याला खादी मऊ पडते, म्हणून मे संपायच्या आत हे करून ठेव. सीटवर बांधल्यावर एकदा घराजवळच्या बागेत, कपडे घालूनच, अर्धा तास चालवून बघ. गाठ सरकली तर कुठे सरकली ते मला कळव. फेरी तुझ्याकडे दुपारी तीनला असेल तर इथे साडेसात झालेले असतील. घरी पोचलीस, आंघोळ केलीस, खाल्लंस, की मग फोन कर. कितीही वाजले तरी चालेल.